डावा खांदा, दीड बोट वर

मंगळवार, ९ जुलै १९९६

आज ही वही उघडण्याचं कारण गंभीर आहे. मला माझ्या उशीविरुद्ध तक्रार करायची आहे, आणि ती नोंदवून घेईल असं दुसरं कार्यालय दौंडात नाही.

गेल्या महिन्यात आमच्या यांनी (नाव पोपट, हुद्दा मालगाडीचा गार्ड, स्वभाव काटकसरी) पिंजाऱ्याला दारात बसवून घरातल्या उशा भरून घेतल्या. कापूस चार उशांचा होता. पिंजाऱ्यानं त्यात तीन उशा बसवल्या आणि चौथी खोळ घडी घालून परत दिली. हे खूश. "बघ, कशी गच्च झालीय!" गच्च म्हणजे अशी की डोकं ठेवलं तर डोकंच दबतं, उशी नाही. सासूबाईंनी आपल्या वाट्याची उशी पहिल्याच दिवशी हलणाऱ्या कपाटाखाली सरकवली. कपाट तेव्हापासून स्थिर आहे. मी मात्र नवऱ्याच्या काटकसरीचा मान राखून महिनाभर तीच वापरली. परिणामी डाव्या कानाखालून एक कळ निघते, खांद्यावर मुक्काम करते आणि पाठीत उतरते. डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात. उशीचा आणि करंगळीचा काय संबंध, ते पिंजाऱ्यालाच विचारायला हवं.

निकाल: उशी उसवून निम्मा कापूस काढला. उद्या बघू.

शुक्रवार, १२ जुलै

उशी निर्दोष सुटली. तीन रात्री मऊ झोपले, तीनही सकाळी मान तशीच.

आता संशय खुर्चीवर आहे. एकवीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर आहे. लोकल फोन हल्ली आपोआप लागतात. आमच्या खोलीत ट्रंक कॉल, चौकशी आणि शिव्या एवढंच उरलंय. ३१ मेला सिंधूबाई निवृत्त झाल्या आणि त्यांचा एक नंबरचा बोर्ड मला मिळाला. बोर्डाबरोबर त्यांची खुर्चीही. बत्तीस वर्षं एकाच बाईला वाहून त्या खुर्चीला डावीकडे पोक आलाय. आज तीन नंबरची खुर्ची ओढून घेतली.

बाईंबद्दल लिहायचं तर त्यांच्या खांद्याबद्दल लिहावं लागतं. डावा खांदा कानाला भिडलेला आणि मान त्याच्यावर कललेली. हेडसेट काढून ठेवला तरी तसाच. भाजी घेताना तशाच, रस्त्यानं जाताना तशाच. पलीकडून कुणी तरी सारखं काही सांगतंय आणि ह्या ऐकतायत, असं वाटायचं. त्यांच्या निरोप समारंभात मी त्यांची नक्कल केली. नकला हा माझा शाळेपासूनचा रोग. साहेब म्हणाले, "करुणाताई, तुम्ही चुकून सरकारी नोकरीत आलात." लोक डोळे पुसत होते हसून हसून. बाईसुद्धा हसल्या.

मंगळवार, १६ जुलै

डॉक्टर झाले. फोटो काढला. हाडं जागच्या जागी आहेत, हे कळून उगीच अपमान झाल्यासारखं वाटलं.

"कधीपासून दुखतंय?"

"जूनपासून."

"जूनमध्ये काय झालं?"

"पेरण्या."

हे डॉक्टर तरुण आहेत, पण हसत नाहीत. म्हणाले, "खांदे सैल सोडा."

"सोडलेत."

"नाही सोडलेले."

"अहो, खांदे माझे आहेत. मला कळणार नाही?"

त्यांनी उठून मला बेसिनवरच्या आरशासमोर उभं केलं. आरशात माझा डावा खांदा वर होता. मला अजिबात पत्ता नव्हता. मी तो खाली घेतला. डॉक्टर मागे उभे. दहा-बारा श्वास झाले असतील. आरशातला खांदा माझ्या देखत, मला न विचारता, हळूहळू वर गेला.

"मनाला धास्ती असली की अंग आखडून बसतं," ते म्हणाले. "मार चुकवायला बसावं तसं. मार बसत नाही, पण अंग सैल व्हायचं विसरतं. कसला ताण आहे का?"

"आहे ना. तुमचं अक्षर वाचायचा."

गोळ्या दिल्यात. शेक सांगितलाय. ताणाची गोळी नाही म्हणे.

गुरुवार, १८ जुलै

शिंप्याकडे ब्लाउज टाकायला गेले. टेप लावून त्यानं दोन्ही बाजू दोनदा मोजल्या. मग पोराला आकडे सांगावेत तसं स्वतःशीच पुटपुटला, "डावा खांदा, दीड बोट वर."

मी म्हटलं, "मागच्या मापानं शिवा."

"मागच्या मापानं चुण्या पडतील, ताई."

"पडू द्या."

मंगळवार, २३ जुलै

आज एक विचित्र प्रकार झाला. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

शेवंती-झेंडूवाले एक म्हातारे बागाईतदार आहेत. वीस वर्षं आमच्याकडून मुंबईचा कॉल लावतात. आज त्यांचा नंबर घेतला. मी नेहमीसारखं "बोला, कुठं लावू?" म्हणाले, तर ते म्हणतात, "सिंधूबाई! मला सांगितलं तुम्ही रिटायर झाला म्हणून. परत बोलावलं व्हय?"

मी म्हटलं, "मी करुणा."

"थट्टा करता काय बाई? आवाज वळखत न्हाई मी?"

कॉल लावून दिला. नंतर संडासात जाऊन दोनदा मोठ्यानं बोलून पाहिलं. मान कलली की गळा दाबला जातो आणि आवाज नाकातून येतो, एवढंच. नक्कल करताना मी हेच तर करत होते. फरक इतकाच की आज करत नव्हते.

बुधवार, २४ जुलै

मान सरळ ठेवून बोलते. शिफ्ट संपेस्तोवर डोकं फुटायची वेळ येते.

शुक्रवार, २ ऑगस्ट

एक्स्चेंजात झाडलोट करणाऱ्या अनसाबाई आज खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. माझी पाठ त्यांच्याकडे. मी ट्रंक कॉलची तिकिटं लिहीत होते. मागून आवाज आला, "आगं बया! बाई, तुमी कवा आला?"

मी वळले.

अनसाबाईंनी छातीवर हात ठेवला. "तुमी हाय व्हय. मला वाटलं…" मग झाडू उलटा धरून झाडत राहिल्या.

त्या गेल्यावर मी निरोप समारंभाचा फोटो बघितला. भिंतीवर लावलाय, रोज त्याच्या खालून जाते. बाई मधोमध, गळ्यात हार, आणि ताठ उभ्या. अगदी शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तशा. दोन्ही खांदे एका रेषेत. बत्तीस वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नसेल. चौदा जणांच्या त्या फोटोत वाकडं एकच माणूस आहे. कडेला उभी असलेली मी. फोटोग्राफरनं बोलावलं तेव्हा मी अजून सोंगातच होते. वाटलं, फोटो मजेशीर येईल.

साहेबांना सांगितलं, फोटोच्या काचेवर उजेड पडून डोळ्यांना त्रास होतो, काढून ठेवा. ते म्हणाले, "राहू द्या हो, आठवण आहे."

मंगळवार, ६ ऑगस्ट

सासूबाई (ताईबाई, वय पंचाहत्तर, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून) रोज संध्याकाळी माझ्या खांद्याला तेल चोळतात. आज चोळता चोळता म्हणाल्या, "ह्यात गाठ न्हाई, मुठ हाय मुठ. आवळून धरलीस तू. काय धरलंस?"

"काय धरणार? काम करून धरलाय."

"काम मी बी केलं. खडी फोडली रेल्वेची. कंबर दुखायची, पर जिथं काम केलं तिथंच दुखायची. तुझं दुखणं तुझ्या कामाचं न्हाई. झोपंत काय बोलतीस ठावं हाय का?"

"घोरत असेन."

"घोरतो माझा ल्योक. तू म्हंतीस, 'होल्ड करा, होल्ड करा'. आन् मंग हसतीस."

यांना विचारलं. हे म्हणाले, "मला काय माहीत, मी ड्यूटीवर असतो." म्हणजे खरं आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

अनसाबाईंची लेक शिरूरला दिलीय. तिच्याकडे चार दिवस राहून आल्या. माझ्यासाठी खास बातमी आणलीय असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं आणि ती सांगावी की नाही हेही दिसत होतं. मी चहा पाजला. चहापुढं अनसाबाईंचं काही चालत नाही.

बाई शिरूरला भावाकडे राहतात, सोपानरावांकडे. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर तिकडे जाणार हे आम्हाला माहीत होतंच.

"उंबरा वलांडत न्हाईत त्या," अनसाबाई म्हणाल्या. "गेल्या तशा खोलीत बसल्यात. भितीला फळी लावून घेतलीया, तिला पाठ टेकून ताठ बसत्यात. आन् फेट्याच्या कापडानं खांदा खाली बांधून घेत्यात. दिसभर. भावजय म्हनली, दुखण्यानं दात खात्यात पर सोडत न्हाईत. लग्नाला न्हाई, बाजाराला न्हाई. म्हनत्यात, सरळ झाले की येईन भाईर."

मी म्हटलं, "वय झालं की हाडं…"

"हाडं न्हाई, बाई." अनसाबाई कप विसळायला उठल्या. पाठमोऱ्या म्हणाल्या, "मी बी हसले हुते त्या दिशी. लई हसले."

रविवार, १८ ऑगस्ट

आज शिरूरला जायचं ठरवलं होतं. दौंडहून निघाले, चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्यापर्यंत गेले. न्हावऱ्याला मानेतून अशी कळ आली की खाली उतरले. समोरून परतीची गाडी आली. चढले.

गाडीला गर्दी फार होती.

नव्हती. अर्धी गाडी रिकामी होती. ही वही मीच वाचते, तिच्याशी कशाला खोटं बोलू.

सोमवार, १९ ऑगस्ट

त्या दिवसाचं सगळं लिहायचं राहिलंय. लिहिते.

नक्कल अशी होती: मी एक नंबरच्या बोर्डावर बसले, डावा खांदा कानापर्यंत नेला, मान पाडली, आणि बाईंच्या आवाजात साहेबांना म्हणाले, "होल्ड करा, तुमची रजा बिझी येतेय." हशा. मग बाई भाजी घेतायत, भोपळ्याला कान लावून, "हॅलो, आत किडा आहे का?" हशा. मग बाई देवळात, घंटेला "नंबर प्लीज". आणि शेवटी बाईंचा सत्कार. मी टेबलावरचा टॉवेल हार म्हणून गळ्यात घातला आणि खांद्यावरून घसरू दिला. उचलला, पुन्हा घातला, पुन्हा घसरला. तीनदा. लोक बाकावर थापा मारत होते.

मग खरा सत्कार. साहेबांनी खरा हार बाईंच्या गळ्यात घातला. तो डाव्या बाजूनं घसरला.

मी काही केलं नव्हतं. हार जड होता आणि खांदा वाकडा, घसरणारच. पण असा हशा माझ्या अख्ख्या नकलेला मिळाला नव्हता. बाईंनी वाकून हार उचलला, स्वतःच घातला, आणि मग त्यांनी खांदा खाली घेतला. मी जवळ होते. काही तरी कुरकुरल्याचा आवाज आला, लाकडी जिन्याचा येतो तसा. चेहऱ्यावर हसू तसंच. फोटोग्राफर म्हणाला, "छान, हलू नका."

फोटो झाल्यावर हात धुवून येते म्हणाल्या. आम्ही जेवायला बसलो. श्रीखंड होतं. दुसऱ्या वाढपाला कुणाच्या तरी लक्षात आलं की बाई मागच्या दारानं निघून गेल्यात. शाल आणि नारळ टेबलावरच. दोन्ही अनसाबाईंनी नंतर पोचवलं.

मी श्रीखंड परत घेतलं होतं.

मंगळवार, २० ऑगस्ट

सासूबाईंना सांगितलं. सगळं नाही. पण त्या अर्ध्यावरून पूर्ण ओळखतात.

"मंग जा की."

"जाऊन काय सांगू?"

"जन्मभर बोलून खाल्लंस. आन् आता बोलायचं काय म्हून मला इचारतीस?"

करंगळी आज दिवसभर बधिर.

रविवार, २५ ऑगस्ट

या वेळी न्हावऱ्याला डोळे मिटून घेतले आणि शिरूरलाच उघडले.

सोपानरावांचं घर गावाबाहेर, फुलांच्या वावराला लागून. अनसाबाईंनी खुणा सांगितल्या होत्या. दारात एक बाई पाटीत झेंडू निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि मी "जय भीम, ताई, सिंधूबाई…" एवढंच म्हणाले, तोवर तिच्या हातातली फुलं खाली गेली. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खांद्याकडे बघत होती.

"तुमी दौंडच्या व्हय?" ती उठली. "तीच ना? नकला करणारी?"

"हो, मी करुणा. बाईंना…"

"आन् घराच्या दारात येऊन बी सोंग करता? लाज न्हाई वाटत? तिथं पोट भरलं न्हाई का तुमचं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ताई, हे सोंग नाही."

"न्हाई? मंग खांदा खाली घ्या."

मी घेतला. म्हणजे घ्यायला गेले. सगळ्या अंगाचा जोर लावला. ती कमरेवर हात ठेवून बघत उभी. खांदा आला थोडा खाली आणि पुन्हा गेला. दुसऱ्यांदा केलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते कळेमुळंच आलं असणार. एकवीस वर्षांत मी कुणाची नक्कल सोडायला गेले आणि सुटली नाही, असं झालेलं नाही.

आतून आवाज आला, "रंगुबाई, कोण आहे?"

रंगुबाई म्हणजे ही भावजय. ती म्हणाली, "कुनी न्हाई, आक्का."

"करुणा आहे. मी आवाज ओळखला. येऊ दे."

खोली लहान, स्वच्छ. खिडकीशी खुर्ची, खुर्चीमागे भिंतीला उभी फळी, आणि त्या फळीला टेकून बाई ताठ बसलेल्या. डाव्या खांद्यावरून गुलाबी फेट्याचं कापड खाली ओढून खुर्चीच्या पायाला बांधलेलं. तीन महिन्यांत निम्म्या झाल्यात. मान वळत नाही म्हणून सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोर्डावर नवीन मुलगी बसली की बघायच्या तसं.

"कुठं दुखतं?"

"इथं. कानाखाली."

"मग?"

"मग खांद्यात. मग पाठीत."

"हाताला?"

"मुंग्या येतात."

"कुठल्या बोटाला?"

मी डावी करंगळी वर केली.

बाईंनी श्वास सोडला. रंगुबाईकडे वळून म्हणाल्या, "सोंग नाही हे. करंगळीचं मी कुणाला सांगितलेलं नाही." मग मला, "त्या दिवशी सगळं बरोबर केलंस. भोपळासुद्धा. करंगळी तेवढी राहिली होती."

मी येताना गाडीत चार वाक्यं जुळवली होती. चांगली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. जे आलं ते इतकं बारीक आलं की मलाच ऐकू आलं नाही. "बाई, माझं चुकलं."

"मोठ्यानं बोल. लाइन खराब आहे."

रंगुबाई फसकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. मी मोठ्यानं म्हणाले. बाईंनी "हं" केलं, जसा कॉल नोंदवून घेतात.

चहा झाला. रंगुबाईनं माझ्यापुढचा कप जरा आपटूनच ठेवला, पण साखर नीट घातली होती. मी विचारलं, "हे कापड कशाला, बाई? अशानं जास्त दुखेल."

"दुखतंच. दिवसभर बांधते, रात्री ठणकतं. सोडलं की तासाभरात पुन्हा वर."

"मग असू द्या ना वर."

"तू सांगतेस?"

मी कप खाली ठेवला.

त्याच म्हणाल्या, "पंच्याहत्तर साली तू आलीस तेव्हा चार बोर्ड होते आणि हेडसेट तीन. चौथा मागवलाय म्हणायचे. नवीन म्हणून तुला बिनहेडसेटचा बोर्ड दिला. पहिल्या दिवशी रिसिव्हर मानेत धरून बसलीस आणि दुपारच्याला डबा उघडून रडलीस. आठवतं?"

मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की माझा हेडसेट चांगला होता. डाव्या कानाला मऊ गादी होती त्याच्या.

"मग माझा तुला दिला," बाई म्हणाल्या. "मी रिसिव्हर घेतला. बोर्डावर दोन्ही हात लागतात, मग तो धरायचा कुठं? नवा हेडसेट यायला सहा वर्षं गेली."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? आणि नुसत्या रिसिव्हरनं झालं नाही ते. सवय मोडली असती. पण बोर्डावर दिवा लागला की पलीकडचा काय बोलेल याचा नेम नसायचा. आईबहिणीवरून सुरू करायचे. दिवा दिसला की शिवी यायच्या आधीच माझा खांदा वर जायचा. नंतर दिवा नसला तरी जायला लागला. तुझाही जायचा असेल."

"माझा नाही गेला कधी. मी उलट बोलायचे."

"हं. तू बोलायचीस," बाई म्हणाल्या. "बरं होतं तुझं."

रंगुबाईचा जीव मात्र दुसरीकडेच गुंतला होता. सोपानराव पहाटे झेंडू घेऊन पुण्याच्या मार्केटला गेलेले. सकाळपासून तिनं बूथवरून आडत्याच्या गाळ्यावर चारदा फोन लावला, लागला नाही. उद्या किती तोडायचा हे कळलं नाही तर बायकांना सांगायचं काय, आणि न सांगता तोडला तर फुलं सडायची.

"आक्का, चारदा फिरवला म्या नंबर. नुसतं टूं टूं."

"कसा फिरवलास?"

"कसा म्हंजी? बोटानं."

"कोडनंतर थांबलीस का?"

"थांबायचं कशाला?"

बाईंनी डोळे मिटले. बत्तीस वर्षं ज्यानं कुणी नंबर नीट फिरवला नाही, त्या सगळ्यांवरचा राग त्यांच्या चेहऱ्यावर आला. "नंबर आण इकडं," त्या म्हणाल्या, आणि फेट्याची गाठ सोडायला लागल्या. सुटेना. मी खाली बसून सोडली. कापड सुटताच खांदा वर आला. मी वर बघितलं नाही.

उंबऱ्याशी थांबल्या. रंगुबाई काही बोलणार होती, मी तिला मानेनं नको म्हटलं. बाईंनी पदर डाव्या खांद्यावरून ओढून घेतला आणि उतरल्या.

बूथ पलीकडेच, रस्त्याला लागून. कारखान्यातली चार-पाच पोरं रांगेत, गावाकडे फोन लावायला. म्हाताऱ्या बाईला त्यांनी पुढं जाऊ दिलं. बाईंनी नंबर फिरवला, मधे थांबल्या, पुढचे आकडे फिरवले. पहिल्याच खेपेला लागला. रंगुबाई म्हणाली, "आता गं!"

सोपानराव लाइनवर आले, आणि भाव, तोड, हिशेब सांगायला लागले. बाईंनी एका हातानं कागद दाबला, दुसऱ्या हातात पेन्सिल घेतली. दोन्ही हात गुंतले तसा खांदा आपोआप रिसिव्हरकडे गेला. तेवढ्यात काचेपलीकडे कुणी तरी हसलं. कशावर ते माहीत नाही, आपसांतलंच काही असेल. पण बाई थबकल्या. खांदा खाली घेतला, ताठ झाल्या, आणि रिसिव्हर मानेतून सुटला.

मी तो धरला, आणि त्यांच्या कानाला लावून उभी राहिले.

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. "हं, बोल सोपान," म्हणाल्या. "कळलं नाही, पुन्हा सांग." पेन्सिल कागदावर चालू लागली. खांदा मधेच राहिला होता, ना वर ना खाली. मग दोन-तीन ओळी लिहून झाल्यावर तो उतरला. बांधून उतरतो तसा नाही.

तीन मिनिटं झाली. बूथवाला घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघायला लागला. भावाचं झालं, तोडीचं झालं, मग बाईंनी विचारलं, "जेवलास का?" आणि तिकडून सोपानराव काही तरी लांबलचक सांगायला लागले. बाई ऐकत होत्या.

माझा उजवा हात भरून आला. रिसिव्हर हलू न देता डाव्या हातात घेतला, आणि धरून ठेवला.